डावी वहाण

ढगांच्या खाली नाही, ढगांच्या आत आहे आमचं युनत्सांग.
मीठ घेऊन येणाऱ्या खेचरांनाच वाट ठाऊक,
आणि खेचरं कुणाला सांगत नाहीत.

मी सू-याओ. गवताच्या वहाणा वळते.
माझी आई वळायची, तिची आई, तिच्याही आधीची.
नावं संपतात, गवत संपत नाही.
अकराशे माणसांचे पाय मला तोंडपाठ आहेत,
आणि एक पाय असा
जो आईच्या आईच्या मापाच्या दोरीवरही
तेवढाच भरतो. गाठ कधी हललीच नाही.

ह्वो-थिंग. नगराचा धनी.
नऊशे वर्षं म्हणतात; मोजायला कोण होतं?
त्यानं मुठीनं धबधबा थोपवला एका श्वासापुरता,
ते मी पाहिलेलं नाही.
मी पाहिलंय त्याला अक्रोड फोडताना,
दाराच्या फटीत धरून, आमच्यासारखाच.

पहाटे सगळं नगर चौकात पहिला पवित्रा घेतं.
मूठ कमरेला, हनुवटी आत,
डावा गुडघा किंचित बाहेर कललेला.
त्या कलण्यावर चौदा ग्रंथ आहेत.
वेन गुरुजी सांगतात, तिथूनच पृथ्वी अंगात चढते.
असेल.
मला एवढंच माहीत की अकराशे डाव्या वहाणा
बाहेरच्या कडेला झिजून परत येतात
आणि एकच जोड
दोन्हीकडे सारखा.

आधी वाटलं, माझीच वीण चुकली.
मग एका रात्री, पाणी गोठायच्या आत घागर भरायला गेले,
तर रिकाम्या चौकात तो चालत होता.
सरळ.
बाजारातून घरी निघालेल्या माणसासारखा, सरळ.

चार दिवसांनी स्वतःच जोड घेऊन आला.
"काय दिसतं तुला तळव्यात?"
मी म्हटलं, गवत.
तो उंबऱ्यावर बसला. गुडघ्यावर बोट ठेवलं.
"गळू झालं होतं इथे. वाटाण्याएवढं.
तीन दिवस पाय टेकवत नव्हता.
सात पोरं होती समोर, उपाशी, थंडीनं निळी पडलेली,
म्हटलं, शिकवायला तर लागू.
चौथ्या दिवशी गळू फुटलं, मी ताठ उभा राहिलो,
आणि ती सातही वाकडी.
इतकी सुंदर वाकडी, की मला बोलवेना.
उद्या सांगू, म्हटलं.
माझ्याकडे उद्या फार होते."

माणूस मेला की त्याची चूकही जरा मऊ होते,
कुणीतरी म्हणतं, जाऊ द्या, गेला बिचारा.
ह्याच्या नशिबी तेवढंही नाही.

ह्या हिवाळ्यात माझा पान-शी चौकात उभा राहिला.
सात वर्षांचा, बांबूच्या कोंबासारखा ताठ.
गुरुजींनी छडीनं त्याचा गुडघा बाहेर ढकलला,
एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा जरा जोरात.
वर सज्जात धनी होता.
तो कपातल्या चहाकडे बघत राहिला.

पायातली वहाण पायातच बरी, म्हणतात मोठी माणसं.
बरं. मी पायातलंच काम केलं.
तेव्हापासून पोरांच्या मापाच्या डाव्या वहाणेत
बाहेरच्या कडेला एक काडी जास्त घालते.
एकच. छडीला कळणार नाही इतकी.
पुढच्या हिवाळ्यात दुसरी.
माझ्या हयातीत गुडघा तीळभर आत येईल, न येईल.
मग पान-शीची बायको बसेल ह्या पाटावर,
तिला मी काड्या मोजायला शिकवीन,
कारण नाही सांगणार.

काल तो नवा जोड न्यायला आला.
वाळत घातलेली एक चिमुकली वहाण उचलून
अंगठ्यानं तिची कड चेपत राहिला. बराच वेळ.
"गवत दाट आलंय यंदा," म्हणाला.
हो, म्हटलं, वरच्या कुरणातलं आहे.

मग पायऱ्या उतरला,
डावा गुडघा बाहेर टाकत, हळूहळू,
कारण खाली चौकात माणसं होती.